नाव आमचे, लेखणी त्यांची, भुर्दंड पुन्हा आमचाच!

गेल्या वर्षी उमरठ-साखर परिसरातील वाड्यांमधून आणि याच वाड्यांतून मुंबईला पोट भरायला गेलेल्या घरांमधून मिळून लुंबिनीची धम्मसहल निघाली. मुंबईहून काठमांडूपर्यंत विमान आणि तिथून बस, असा बेत होता. तिकिटे काढून झाली, पैसे भरून झाले आणि निघायला बारा दिवस उरले असताना आम्ही विहारात सगळ्यांचे कागद मांडून बसलो. खरे तर हे काम आधी करायला हवे होते. ते आम्ही केले नाही. त्याची किंमत एका आजीने मोजली, म्हणून हा लेख.

भारतीय नागरिकाला विमानाने नेपाळला जायचे असेल तर पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र लागते. आधार कार्ड चालते, पण ते फक्त पासष्टच्या पुढच्यांना आणि पंधराच्या आतल्यांना. आजींकडे पासपोर्ट नव्हता. मतदार कार्डावर नाव त्यांचे, फोटो दुसऱ्याच बाईचा आणि लिंगाच्या रकान्यात ‘पुरुष’. मग आधार पाहिले. आजींचे वय सत्तरीच्या पुढे. थोरल्या मुलालाच पन्नाशी उलटून गेली आहे. पण आधारवर जन्मतारीख १ जून १९६३, म्हणजे कागदावर वय बासष्ट! म्हातारपणाची सवलतही कागदाने काढून घेतली. बारा दिवसांत दोन्ही कार्डे दुरुस्त होणे शक्य नव्हते. आजी म्हणाल्या, “तुम्ही जावा. मी इथनंच हात जोडते.” सहल त्यांच्याविना गेली.

त्या दिवशी विहारात मांडलेल्या कागदांपैकी निम्म्याहून अधिक कागदांत काही ना काही चूक होती. कुणाचे आडनाव दोन कागदांवर दोन प्रकारे. कुणाच्या पासपोर्टात आडनावाची जागाच रिकामी. कुणाचा जन्म दाखल्यावर महाडचा आणि शाळेच्या नोंदीत उमरठचा, कारण बाळंतपण महाडच्या दवाखान्यात झाले आणि मास्तरांनी घर विचारले तेव्हा बापाने गाव सांगितले. उमरठ हे नावसुद्धा इंग्रजीत दोन प्रकारे लिहिलेले सापडले.

हे सारे पाहून आमच्यातलाच एक शिकलेला, नोकरीत स्थिरावलेला बांधव म्हणाला, “आपल्या लोकांना कागदही सांभाळता येत नाहीत.” दुसरा म्हणाला, “एवढं काय घेऊन बसलात? तालुक्याला एजंट आहे, त्याच्याकडे द्या, आठ दिवसांत सगळं करून देतो.”

या दोन्ही वाक्यांशी आमचे भांडण आहे.

लेखणी कुणाच्या हातात होती?

पहिले वाक्य आधी घेऊ. कागद सांभाळता येत नाहीत म्हणजे काय? आजींनी स्वतःचे नाव स्वतः कधी लिहिले? त्यांचा जन्म कुणी नोंदवला नाही. जन्ममृत्यू नोंदणीचा आजचा केंद्रीय कायदाच १९६९ चा, आणि त्याआधीच्या नोंदी डोंगरातल्या वाडीपर्यंत कितपत पोहोचल्या हे आपण जाणतो. त्या शाळेत गेल्या नाहीत. त्यांचे वय मतदार यादी करायला आलेल्या माणसाने चेहऱ्याकडे पाहून लिहिले. आधार काढणाऱ्या पोराने तारीख विचारली, आजींना ती सांगता आली नाही, त्याने १ जून टाकून दिली. कार्डावर दुसऱ्या बाईचा फोटो आजींनी चिकटवला का? ‘पुरुष’ असे आजींनी भरले का? चूक करणारा हात वेगळा आणि चुकीपायी घरी बसणारी बाई वेगळी. तरीही आपलाच शिकलेला माणूस बोट दाखवतो ते त्या बाईकडे!

ही १ जूनची कहाणी तर महाराष्ट्रातल्या घराघरात आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. बाप पोराला घेऊन यायचा. जन्मतारीख माहीत नसायची. मास्तर वर्गाला बसेल असे वय धरून १ जून लिहायचे. अशा किती पिढ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो! ज्यांच्या घरी पंचांग, पत्रिका आणि पुरोहित होता त्यांची जन्मवेळ घटिका-पळांसह लिहिलेली असायची. ज्यांच्या घरी त्यातले काहीच नव्हते त्यांच्या वाट्याला १ जून आला. ही नुसती सोय नव्हती. कुणाचा जन्म लिहून ठेवण्यासारखा आणि कुणाचा नाही, याचा तो निकाल होता.

नावांचेही तेच. आपल्या आजोबा-पणजोबांची नावे जुन्या दप्तरात कशी लिहिली आहेत ते एकदा काढून पाहा. धोंडू नाही, धोंड्या. राघू नाही, राघ्या. आडनाव नाही, त्या जागी जात. कोकणात खोती होती. गावचे दप्तर खोताच्या, कुलकर्ण्याच्या घरी. ज्याच्या हातात दप्तर त्याच्या हातात गाव. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले ते जमिनीसाठी होतेच. पण शेत कसणाऱ्याचे नाव दप्तरात कुळ म्हणून लागायचे की नाही, हे ठरवणारी लेखणीही त्याच व्यवस्थेच्या हातात होती, हे विसरू नये.

स्वतः बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत त्यांचा प्रवेश झाला. रजिस्टरमध्ये १९१४ क्रमांकावर नाव आहे ‘भिवा रामजी आंबेडकर’. कुळाचे आडनाव सकपाळ, मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे, गावावरून झालेले आडनाव आंबेडकर, आणि पुढे जगाने ओळखले ते भीमराव. एका माणसाची ही नावे आहेत आणि त्यांत लबाडी कुठेच नाही. ज्या समाजाची नावे इतरांनी लिहिली, त्या समाजातला मुलगा वाढत गेला तसे त्याचे नावही वाढत गेले. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले तेव्हा आजच्यासारखी पासपोर्टची सक्ती नव्हती. ती पहिल्या महायुद्धाच्या काळात आली आणि १९२० च्या कायद्याने पक्की झाली. आज एखादा भिवा शाळेच्या दाखल्यावर भिवा आणि आधारवर भीमराव असे दोन कागद घेऊन खिडकीवर उभा राहिला तर? “दोन्ही तुम्हीच कशावरून? प्रतिज्ञापत्र आणा,” असे उत्तर त्याला मिळेल. ही शक्यता मनात आणून पाहिली की आपल्या आजींना कुणी हसणार नाही.

सरकारने नाव बदलले तर तो इतिहास, आमचे बदलले तर संशय?

आमच्याच जिल्ह्याकडे पाहा. १९८१ पर्यंत हा जिल्हा कुलाबा होता, नंतर रायगड झाला. नाव सरकारने बदलले. आज पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या जुन्या दाखल्यावर ‘जि. कुलाबा’ आहे आणि नव्या कागदावर ‘जि. रायगड’. १९९५ मध्ये बॉम्बेचे मुंबई झाले. तेही सरकारनेच केले. मग जुने आणि नवे नाव एकच आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी कुणाची असायला हवी? ज्याने बदलले त्याची. पण खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाला विचारतात, “कुलाबा म्हणजे मुंबईतला कुलाबा का?” आणि तो माणूस पोलादपूरहून पहाटेची एसटी धरून, दिवसाची मजुरी बुडवून तिथे आलेला असतो.

तीच गोष्ट निसर्गाच्या कोपाची. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवसांत आपल्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीत माणसे गाडली गेली. महाड शहर पुराच्या पाण्यात होते. माणसांबरोबर पत्र्याच्या पेट्या गेल्या, पेट्यांतले दाखले गेले. मदतीचे धनादेश वाटताना फोटो काढले गेले. पण वाहून गेलेला कागद परत मिळवायला त्या घरांना किती खेपा घालाव्या लागल्या, याचा फोटो कुणी काढला?

आता उशिरा जन्मनोंदणीचे पाहा. २०२३ मध्ये केंद्राने जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा बदलला. वर्षाहून अधिक उशीर झालेल्या नोंदीचा आदेश देण्याचे काम न्यायालयीन दंडाधिकाऱ्याकडून जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आले. गरिबाला वाटले, बरे झाले. पुढे बोगस दाखल्यांची ओरड झाली आणि मार्च २०२५ मध्ये राज्य शासनाने या नोंदींची कार्यपद्धती पुन्हा कडक केली. बोगस दाखला देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला जरूर पकडा, आमची हरकत नाही. पण ज्या पिढीची नोंद करायला सरकारच पोहोचले नाही, त्या पिढीच्या आजीला गुन्हेगार समजून पुरावे मागणे हा कुठला न्याय?

आणि प्रवास म्हणजे चैन, असे कुणी म्हणत असेल तर त्याला सांगा की १९६७ मध्ये सतवंत सिंग सहानी खटल्यात आणि १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचा हक्क संविधानाच्या कलम २१ मध्ये धरला आहे. आपले नाव कागदावर कसे असावे यावर माणसाचा हक्क आहे, हे २०२१ मध्ये जिग्या यादव खटल्यात त्याच न्यायालयाने मान्य केले आहे. संविधानाने दिलेला हक्क एका वेलांटीसाठी अडवायचा अधिकार कुणालाही नाही.

नजर कशी असते त्याचा आणखी एक दाखला. जानेवारी २०१८ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने घोषणा केली की ज्यांना नोकरीसाठी बाहेर जाताना उत्प्रवास तपासणी लागते, म्हणजे प्रामुख्याने जे दहावी झालेले नाहीत, त्यांचा पासपोर्ट नारंगी रंगाचा असेल. इतरांचा निळा. विमानतळावर लांबूनच कळावे, हा अडाणी मजूर आहे! गळ्यात मडके बांधायचे दिवस गेले, म्हणून हातात नारंगी पुस्तक द्यायचे. देशभर विरोध झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस निर्णय मागे घ्यावा लागला. बोलले की मागे घेतात, हे यातून शिकायचे आहे.

आता आपल्या घरातले बोलू

इथपर्यंत वाचून टाळ्या वाजवणाऱ्यांनी जरा थांबावे. कारण दुसरे वाक्य अजून बाकी आहे, एजंटवाले.

इतिहासाने अन्याय केला हे खरे. पण तो अन्याय सांगून आजचा आळस झाकता येणार नाही. आपल्या घरात शिकलेली पोरे आहेत, हातात मोबाईल आहे, तरी आजीचे मतदार कार्ड वर्षानुवर्षे चुकीचे राहते आणि ते बारा दिवस आधी कळते. त्याला मनुस्मृती जबाबदार नाही, आम्ही जबाबदार आहोत. जयंतीला डीजे कोणता लावायचा यावर तीन बैठका घेतल्या, वाडीतल्या म्हाताऱ्यांचे कागद तपासायला एक बैठक घेतली नाही. हे आम्ही आमच्याबद्दलच लिहितो आहोत.

एजंट चूक दुरुस्त करत नाही, चुकीवर दुसरी चूक चढवतो. आमच्या ओळखीतल्या एका तरुणाला आखातात नोकरी लागली होती. दाखल्यांतल्या तारखा जुळत नव्हत्या. एजंटने “जुळवून देतो” म्हणून पैसे घेतले आणि एक जन्मदाखला आणून दिला. पडताळणीत तो दाखला रजिस्टरमध्ये सापडला नाही. नोकरी गेली, पैसे गेले आणि आता तो पोरगा पोलिसांना जबाब देत फिरतो आहे. एजंट तिथेच, त्याच टपरीत बसलेला आहे. पासपोर्ट कायदा १९६७ चे कलम १२ नीट वाचा. पासपोर्टसाठी जाणूनबुजून खोटी माहिती देणे किंवा महत्त्वाची माहिती लपवणे हा गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अर्जावर सही तुमची असते, एजंटची नव्हे. कारकुनाच्या चुकीचे तुम्ही बळी असता. खोटा दाखला जोडला की त्याच क्षणी तुम्ही आरोपी होता. व्यवस्थेला आणखी काय हवे?

काही जहाल मित्र म्हणतील, “चळवळ सोडून तुम्ही कारकुनी काय शिकवता?” त्यांना महाडचा इतिहास पुन्हा वाचायला सांगावेसे वाटते. २० मार्च आपण सगळे पाळतो. पण चवदार तळे हा मुळात कागदाचाही लढा होता. १९२३ मध्ये बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला, पुढे महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क आला, तळ्यावर नाही. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेब ओंजळ भरायला गेले तेव्हा तो कागद जिवंत झाला. मग ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये तळे खाजगी असल्याचा दावा करून न्यायालयाचा मनाईहुकूम आणला गेला. बाबासाहेबांनी काय केले? परिषद घेतली, २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली आणि त्याच वेळी न्यायालयात कागदाची लढाई सुरू ठेवली. महाडचे न्यायालय, ठाण्याचे न्यायालय, मुंबईचे उच्च न्यायालय. जुन्या नोंदी, साक्षी, मालकीचे पुरावे. १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे, हे प्रतिपक्षाला सिद्ध करता आले नाही. ओंजळभर पाण्यासाठी एक दिवस आणि कागदासाठी दहा वर्षे! आपण त्या एका दिवसाचे वारस म्हणवतो. दहा वर्षांचे वारस कोण?

प्रवासाआधी काय तपासायचे

म्हणून आता कामाचे बोलू. आमच्या चुकांतून शिकून जे आम्ही ठरवले, ते सांगतो.

पहिले, सगळे कागद एका ओळीत मांडा आणि अक्षर अक्षर जुळवा. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मस्थळ. मराठीत जुळते आणि इंग्रजीत फसते, हे लक्षात ठेवा. ‘सुनीता’मध्ये कुठे ‘आय’ असतो, कुठे ‘डबल ई’. ‘जाधव’च्या शेवटी कुठे ‘व्ही’, कुठे ‘ओ’. आपल्याकडे शाळेत आडनाव आधी लिहितात. पासपोर्टात आडनाव आणि दिलेले नाव असे दोन वेगळे रकाने असतात. तिथे उलटापालट झाली की तिकिटापर्यंत चूक जाते.

दुसरे, दुरुस्ती मुळापासून करा. पासपोर्ट हे फळ आहे, मूळ जन्मनोंद आणि शाळेचे जनरल रजिस्टर. जन्मनोंदीत चूक असेल तर कायद्याच्या कलम १५ प्रमाणे निबंधकाला ती दुरुस्त करता येते. मूळ नोंद तशीच राहते, समासात दुरुस्ती लिहिली जाते. गावात हे काम ग्रामपंचायतीकडे असते. शाळेच्या नोंदीतील उघड चूक शाळा सोडल्यानंतरही दुरुस्त होऊ शकते. “आता काही होत नाही” हे उत्तर तोंडी ऐकून परत येऊ नका, लेखी मागा. आधी मूळ, मग आधार, मतदार कार्ड आणि पॅन, मग पासपोर्ट, मग व्हिसा आणि सगळ्यात शेवटी तिकीट. आम्ही नेमके उलटे केले होते.

तिसरे, आधार वाटेल तेव्हा बदलत बसू नका. नाव दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. चुकीची तारीख ‘दुरुस्त’ करून बसलात तर पुढची वाट अवघड. मतदार कार्डातील नाव, फोटो, वय, लिंग यांच्या दुरुस्तीला अर्ज क्रमांक ८ आहे. तो बीएलओकडे देता येतो, मोबाईलवरूनही भरता येतो.

चौथे, नियम माहीत करून घ्या, कारण खिडकीवर जुने नियम सांगणारे भेटतात. डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टसाठी आईवडिलांपैकी एकाचे नाव पुरते. लग्न झालेल्या बाईला विवाह प्रमाणपत्राची सक्ती नाही. जन्मतारखेसाठी जन्मदाखलाच हवा असे सगळ्यांना लागू नाही. शाळा सोडल्याचा दाखला, पॅन, मतदार कार्ड असे पर्याय आहेत. जन्मदाखल्याची सक्ती १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना आहे. तेव्हा आज ज्यांच्या घरी बाळ जन्मते त्यांनी दवाखान्यातून निघण्यापूर्वीच नोंदीतील नावे वाचून घ्यावीत. त्या बाळाला दुसरा पर्याय नसेल.

पाचवे, आखातात जाणाऱ्यांसाठी. दहावी पास असूनही पासपोर्टवर ‘उत्प्रवास तपासणी आवश्यक’ असा शेरा पडलेला असतो, कारण अर्ज भरताना दहावीचे प्रमाणपत्र कुणी जोडलेच नाही. ते जोडून पासपोर्ट पुन्हा काढून घ्या आणि शेरा घालवा. आडनावाचा रकाना रिकामा असेल तर आधी तो भरून घ्या. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना भेटीच्या आणि पर्यटनाच्या व्हिसावर प्रवेश बंद केला आहे. पासपोर्टची मुदतही पाहा. प्रवासाच्या दिवसापासून सहा महिने शिल्लक असावेत अशी अनेक देशांची अट असते.

सहावे, नवा पासपोर्ट हातात पडला की त्याच दिवशी दोघांनी मिळून वाचा. एकाने कागद वाचायचा, दुसऱ्याने पासपोर्ट. चूक दिसली की लगेच लेखी कळवा. तिकीट काढल्यावर सापडलेली चूक ही सगळ्यात महाग चूक.

परदेशी शिष्यवृत्तीच्या तयारीत असलेल्या मुलामुलींनी हे विशेष ध्यानात घ्यावे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची राज्याची परदेश शिष्यवृत्ती असो वा केंद्राची, जागा मोजक्या आणि मुदत काटेकोर. बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर गेले, त्या वाटेने जायचे असेल तर गुणपत्रिकेवरचे नाव आणि पासपोर्टवरचे नाव आजच जुळवा. निवड झाल्यावर नाही.

मागणे लेखी मागा

शासनाकडे आमचे मागणे साधे आहे. ज्या कार्यालयाने चूक केली त्याने ती फुकट दुरुस्त करावी, प्रतिज्ञापत्राचा आणि खेपांचा खर्च नागरिकाने का सोसावा? कुलाबा-रायगड, बॉम्बे-मुंबई असे सरकारी नामांतर कागदावर दिसले तर वेगळा पुरावा मागू नये. वाहून गेलेल्या कागदांसाठी पोलादपूर आणि महाडमध्ये शिबिर लावावे, ज्यात ग्रामपंचायत, शाळा, तहसील, आधार आणि मतदार नोंदणी एकाच मांडवात बसतील. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा आहे. अधिसूचित सेवा मुदतीत मिळाली नाही तर अपील करता येते. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. ही हत्यारे गंजत पडली आहेत, कारण आपण अर्जाची पोचसुद्धा मागत नाही.

आणि आपल्यासाठी मागणे त्याहून साधे. प्रत्येक विहारात वर्षातून एक रविवार कागदांचा ठेवा. शिकलेल्या पोरापोरींनी टेबल मांडावे, वाडीतल्या प्रत्येक घराचे कागद तपासावेत, चुकांची वही करावी आणि कोणाचा अर्ज कुठे अडला ते पुढच्या रविवारी विचारावे. एजंट आपोआप टपरी आवरेल. आम्ही हे या वर्षी सुरू केले आहे. पहिल्याच रविवारी दुपारपर्यंत वही अर्धी भरली.

उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. लांबून लोक पाहायला येतात. इतिहासाने त्यांचे नाव नीट लिहून ठेवले, ते योग्यच झाले. पण त्याच मातीतल्या एका बाईचे नाव, फोटो आणि वय साध्या कार्डावर धड लिहिले गेले नाही. नोव्हेंबर १९५६ मध्ये प्रकृती ढासळलेली असताना बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. तो त्यांचा शेवटचा परदेश प्रवास. त्याच वाटेने जाऊ पाहणाऱ्या आजी उंबऱ्यातच थांबल्या.

आजींचा अर्ज क्रमांक ८ भरून झाला आहे. पोच आमच्याकडे आहे. आधारच्या तारखेसाठी पुरावा जमवणे सुरू आहे. ते सोपे नाही, पण खोटा कागद जोडणार नाही, हे आजींनीच बजावले आहे. पुढच्या सहलीचे तिकीट आम्ही काढू ते त्यांचे कार्ड हातात पडल्यावरच. सगळ्यांचे. एकट्या त्यांचे नाही.

तुमच्या वाडीतल्या आजीचे कार्ड शेवटचे कधी पाहिलेत?

जय भीम!